सर्वनामं बदलतात, पण हुकमानं नव्हे

एका व्यक्तीसाठी 'दे' हे अनेकवचनी सर्वनाम वापरावं की नाही, यावरून इंग्रजी जगात गेली काही वर्षं बरीच धुळवड चालली आहे. विरोध करणाऱ्यांच्या हातात एक ठरलेलं हत्यार असतं. नामं उसनी घ्या, क्रियापदं नवी पाडा, पण सर्वनामं म्हणजे भाषेची हाडं, त्यांना हात लावता येत नाही, असं ते सांगतात. आपल्याकडेही इंग्रजी शिकवणारी जुनी मंडळी हे ऐकून मान डोलावतात, कारण 'एव्हरीवन'नंतर 'देअर' लिहिलं की तांबडी शाई चालवायची सवय त्यांच्या हाताला आहे. विधान भारदस्त आहे खरं, पण इंग्रजीला ते अजिबात लागू पडत नाही. युरोपातल्या मोठ्या भाषांत आपल्या सर्वनामांची एवढी मोडतोड आणि डागडुजी करणारी दुसरी भाषा शोधावी लागेल.

मोजून पाहा. 'दे', 'देम', 'देअर' ही तिन्ही परदेशी आहेत, स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची. 'शी' नेमकं कशातून निघालं यावर भाषाशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. 'इट्स' हे षष्ठीचं रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतं. म्हणजे आग्र्याहून सुटका झाली तेव्हा त्याचं वय शंभरच्याही आतलं होतं. आणि 'यू' मुळात अनेकवचनी, तेही फक्त कर्म म्हणून येणारं रूप. त्यानं कर्त्याची जागा घेतली, मग एकवचनाची घेतली, आणि शेवटी 'तू' या अर्थाच्या जुन्या 'दाउ'ला घराबाहेर काढलं.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीची इंग्रजी आजच्या इंग्रजी माणसाला वाचता येत नाही. तिची घडण मात्र मराठी माणसाला ओळखीची वाटेल. तीन लिंगं होती, नामाला विभक्ती लागायची, विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे रूप बदलायचं. लिंग माणसाचं नव्हे, शब्दाचं. बाई या अर्थाचा 'वीफ' हा शब्द नपुंसकलिंगी होता, आणि ज्याच्यातून पुढे 'वुमन' झालं तो 'वीफमन' चक्क पुल्लिंगी. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. गोव्यात कोकणीत 'तें चेडूं' म्हणतात, आणि घाटावर 'पोरगं' आणि 'लेकरू' रोज ऐकू येतं. सर्वनामांत द्विवचनही होतं. 'विट' म्हणजे आम्ही दोघं, 'यिट' म्हणजे तुम्ही दोघं, संस्कृतातल्या 'आवाम्' आणि 'युवाम्'सारखं. तेराव्या शतकात ते नाहीसं झालं. व्याकरणाचा एक अख्खा कप्पा गेला तरी त्याचा शोक केल्याची कुठं नोंद दिसत नाही.

तृतीय पुरुषी रूपं होती 'हे' म्हणजे तो, 'हेओ' म्हणजे ती, 'हित्' म्हणजे ते, आणि 'हिए' म्हणजे ते सगळे. आठव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात डेन्मार्क-नॉर्वेकडची माणसं आधी लुटायला आली, मग नांगर धरून बसली. त्यांची भाषा इंग्रजीची सख्खी चुलतबहीण होती. शब्दांचे धातू तेच, शेपट्या वेगळ्या. शेजारीपाजारी एकमेकांशी बोलू लागले तेव्हा धातू कळायचे आणि शेपट्या अडायच्या, म्हणून शेपट्या झिजल्या, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. उच्चार आपसूकही झिजत होतेच. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की 'हे', 'हेओ' आणि 'हिए' बोलण्यात जवळजवळ सारखे ऐकू येऊ लागले. दक्षिणेकडच्या काही बोलींत तर एकच 'हे' तो, ती आणि ते सगळे, या तिघांसाठी चालला. 'तो म्हणाला' की 'ती म्हणाली' की 'ते म्हणाले', हे संदर्भावरून ओळखायचं. लग्नाच्या बोलणीत किंवा जमिनीच्या वादात हे किती महागात पडेल याची कल्पना करा.

ही अडचण कुण्या पंडितानं सोडवली नाही. उत्तरेकडच्या लोकांनी शेजाऱ्याचं 'दे' उचललं. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिंकनशर भागातल्या ऑर्म नावाच्या धर्मगुरूनं लिहिलेल्या पद्यात ते दिसतं. दक्षिणेत पोचायला त्याला दोनशे वर्षं लागली, तीही हप्त्यांनी. चौदाव्या शतकाच्या शेवटी लंडनचा कवी चॉसर 'दे' लिहितो, पण 'त्यांना' म्हणायचं असेल तर जुनं 'हेम' आणि 'त्यांचं' म्हणायचं असेल तर जुनं 'हिर'. अर्धं घर परकं, अर्धं आपलं. आजही इंग्रज घाईत 'टेल एम' म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं, 'देम'मधला पहिला वर्ण त्यानं खाल्ला. खाल्लेला नाही. ते तेच जुनं 'हेम' आहे, 'देम'ला शरण न गेलेलं. 'शी'चा पहिला ठसा पीटरबरो इथल्या मठातल्या बखरीच्या शेवटच्या भागात, 1154च्या सुमाराच्या लिखाणात सापडतो. ते 'हेओ'चा उच्चार बदलून झालं की 'सेओ' या दर्शक सर्वनामातून आलं, यावर अजून कागद खर्च होतात.

इथे दर्शक सर्वनामांचा विषय निघालाच आहे, तर उपपदांकडे वळायला हवं, कारण ती याच कारखान्यातली. आपल्या शाळांत 'अ', 'ॲन', 'द' यांचे नियम पाढ्यासारखे पाठ करून घेतात. नद्यांना 'द', पर्वतरांगांना 'द', एकट्या शिखराला नाही. हे सगळं आकाशातून पडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात प्राचीन इंग्रजीत आजच्यासारखी उपपदं नव्हती. 'से', 'सेओ', 'थॅट' ही तीन लिंगांची तीन दर्शक रूपं होती, आपल्या 'तो', 'ती', 'ते'सारखी, आणि ती विभक्तीप्रमाणे बदलत. लिंगं आणि विभक्त्या गळल्या तेव्हा हा सगळा गोतावळा एका न बदलणाऱ्या 'द'मध्ये गोळा झाला. नपुंसकलिंगी रूप तेवढं स्वतंत्र राहिलं, तेच आजचं 'दॅट'. म्हणजे एकाच रूपावलीतून निघालेले हे दोन शब्द. एक बोट दाखवत राहिला, दुसऱ्यानं बोट खाली घेतलं आणि फक्त 'तुला माहीत असलेला' एवढंच सांगू लागला. 'द मोअर, द मेरिअर' या म्हणीतला 'द' तर उपपद नव्हेच. ते त्याच सर्वनामाच्या तृतीया विभक्तीचं रूप आहे, 'त्यानं, तेवढ्यानं' अशा अर्थाचं. मराठीत आपण 'जितके जास्त तितकी मजा' म्हणतो, तिथलं 'तितकी' त्याच्या जवळचं.

'अ' आणि 'ॲन'ची कथा आणखी साधी. 'आन' म्हणजे एक. जोर देऊन उच्चारलं त्याचं 'वन' झालं, जोर न देता उच्चारलं त्याचं 'ॲन', आणि व्यंजनापुढे 'न' गळून 'अ'. गोष्टी सुरू करताना इंग्रज 'वन्स अपॉन अ टाइम' म्हणतात, त्यात हा एकच शब्द दोनदा वेश बदलून येतो. मुंबईच्या लोकलमध्ये कुणी 'वन अंकल केम' म्हणालं की कॉन्व्हेंटवाले हसतात. त्या अंकलचं इंग्रजी हजार वर्षं जुनं आहे, एवढंच. आणि हा 'न' कुणाचा, यावर इंग्रजांचे स्वतःचे घोळ पाहा. क्रिकेटमधला अम्पायर हा मूळचा 'नम्पायर'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ बरोबरीचा नसलेला, म्हणजे दोन्ही बाजूंहून वेगळा, तिसरा. 'अ नम्पायर' म्हणता म्हणता 'न' उपपदाला जाऊन चिकटला आणि 'ॲन अम्पायर' झाला. एप्रनही तसाच 'नेप्रन' होता. उलट 'ॲन एकनेम'मधला 'न' पुढे सरकून 'निकनेम' झालं. ऑरेंजच्या बाबतीत मात्र इंग्रजांवर आळ घेऊ नका. आपल्या नारंगाचा 'न' इंग्लंडला पोचण्याआधी युरोपच्या मुख्य भूमीवरच गळाला होता.

उपपदं शिकवताना हा इतिहास सांगितला तर नियमांची निम्मी भीती जाईल, असं माझं मत आहे. 'द' हा झिजलेला 'तो' आणि 'अ' हा झिजलेला 'एक'. मराठी वाक्यात जिथे 'तो' किंवा 'एक' घालून अर्थ बिघडत नाही, तिथे इंग्रजीत ते बहुतेक लागतंच. हा मोजमापाचा गज पूर्ण नाही, सूर्य-चंद्रापाशी तो फसतो. पण पाठ केलेल्या अपवादांच्या यादीपेक्षा तो अधिक वेळा कामी येतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत याची एक ओळही नसते.

मूळ वादाकडे येतो. अनेकवचनी सर्वनाम एका माणसासाठी वापरणं हा व्याकरणद्रोह असेल, तर तो गुन्हा इंग्रजीनं आधी 'यू'च्या बाबतीत केला आहे. फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावानं तेराव्या शतकापासून वरिष्ठाला 'यू' आणि बरोबरीच्या किंवा खालच्याला 'दाउ' असा भेद रुजला. आपल्या अरे-तुरे आणि अहो-जाहोचीच ही आवृत्ती. 1603मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याला भर न्यायालयात म्हणाला की मी तुला 'दाउ' म्हणतो, अरे द्रोह्या. अपमान करायला तेवढं सर्वनाम पुरेसं होतं. पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जॉर्ज फॉक्सनं उलटा हट्ट धरला. देवापुढे सगळे सारखे, तेव्हा न्यायाधीश असो की सरदार, एका माणसाला 'दाउ'च म्हणायचं. व्याकरण पूर्णपणे त्याच्या बाजूनं होतं, एकाला एकवचन. 1660मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी कितीतरी भाषांचे दाखले देऊन हे सिद्ध करणारं एक जाडजूड पुस्तक काढलं. क्वेकरांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, तुरुंग भोगले. समाज मात्र उलट दिशेनं गेला. सगळ्यांना 'दाउ' म्हणून समता आली नाही, सगळ्यांना 'यू' म्हणून ती आली, तीही भीतीपोटी. समोरचा कोण आहे कळत नसेल तर मोठं सर्वनाम वापरलेलं बरं, हा शहरी शहाणपणा त्यामागे होता.

त्यातून एक मजेदार घोळ उरला. 'यू' एकवचनी झालं, तर त्याचं क्रियापद कुठलं? अठराव्या शतकात बरेच शिकलेले लोक एका माणसाला 'यू वॉज' म्हणत, आणि ते तर्काला धरून होतं. रॉबर्ट लोथ यांनी 1762च्या आपल्या व्याकरणात त्याला चूक ठरवलं. म्हणजे सर्वनाम अनेकवचनी, क्रियापद अनेकवचनी, आणि माणूस एक, हीच शुद्ध इंग्रजी ठरली. आज 'दे आर' एका माणसाबद्दल म्हटलं की ज्यांचे कान दुखतात, ते दिवसातून शंभर वेळा 'यू आर' म्हणतात आणि त्यांना काहीच होत नाही.

आणि एकवचनी 'दे' नवीन नाहीच. चौदाव्या शतकातल्या मजकुरात ते आहे, चॉसरमध्ये आहे. 1611च्या राजमान्य बायबलच्या भाषांतरात फिलिप्पैकरांस पत्रात प्रत्येकानं दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ मानावं असा उपदेश आहे, तिथे 'ईच' या एकवचनापुढे 'देमसेल्व्हज' येतं. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तर ते जागोजागी आहे. 'कुणीतरी' किंवा 'प्रत्येक जण' याबद्दल बोलताना पुरुष की बाई हे माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं, तेव्हा इंग्रज माणूस सहाशे वर्षं सहज 'दे' म्हणत आला आहे. त्याला चूक म्हणायची सुरुवात अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी केली. न्यूकॅसलमध्ये शाळा चालवणाऱ्या ॲन फिशर यांच्या 1745च्या सुमारच्या व्याकरणात पुल्लिंगी रूपात दोघंही येतात असा नियम आहे. एका बाईनं हा नियम लिहावा, हाही इतिहासाचा एक विनोद. पुढे लिंडले मरे यांच्या 1795च्या पुस्तकानं तो घरोघर नेला. एकवचनी 'दे'चं वाक्य द्यायचं आणि दुरुस्त करून 'ही', म्हणजे 'तो', लिहायचं. संख्या चुकू नये म्हणून लिंग चुकलं तरी चालेल, असा हा सौदा.

1850मध्ये ब्रिटिश संसदेनं त्यावर शिक्का मारला. कायद्यांची भाषा आटोपशीर करण्यासाठी लॉर्ड ब्रूम यांनी आणलेल्या कायद्यात म्हटलं की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा. मला वाटतं, या वादात खरा पुरावा व्याकरणाच्या पुस्तकांत नाही, तो इथून पुढच्या न्यायनिवाड्यांत आहे. कारण 'ही' म्हटलं की दोघं आलेच, या दाव्याची परीक्षा प्रत्यक्ष झाली.

1867च्या मतदान सुधारणा विधेयकात 'मॅन' ऐवजी 'पर्सन' घाला, अशी दुरुस्ती जॉन स्टुअर्ट मिल यांनी मांडली. ती 73 विरुद्ध 196 मतांनी पडली. मग मँचेस्टरच्या पाच हजारांहून जास्त बायका म्हणाल्या, हरकत नाही, तुमच्याच 1850च्या कायद्यानं पुल्लिंगात आम्ही येतो, आमची नावं यादीत घाला. 1868मध्ये न्यायालयानं सांगितलं की इथे येत नाही. दंड आणि करांच्या कलमांतल्या 'ही'मध्ये बाई बिनबोभाट सामावत होती. मताधिकाराची वेळ आली तेव्हा तो शब्द निव्वळ पुरुषाचा झाला.

आपल्याकडे तोच प्रयोग झाला. भारतातल्या 1897च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं 13वं कलम तेच सांगतं, पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावं, संदर्भाला बाध येत नसेल तर. 1916मध्ये कायद्याची पदवी घेतलेल्या रेजिना गुहा यांनी वकिलीची परवानगी मागितली. कलकत्ता उच्च न्यायालयानं ती नाकारली. ज्या कायद्यानुसार वकील नेमायचे त्यात पुल्लिंगी शब्द होते, आणि 13व्या कलमानं त्यांत बाई येते हा युक्तिवाद टिकला नाही. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी तिथली परीक्षा 1892मध्येच दिली होती. वकील म्हणून नाव नोंदवायला त्यांना 1921 उजाडलं, तेही अलाहाबादला. अखेर 1923मध्ये स्त्रियांना वकिली करता येईल असा वेगळा कायदा करावा लागला. 'ही'मध्ये बाई खरंच येत असती तर या कायद्याचं काम काय होतं?

म्हणून एकवचनी 'दे'ला माझा पाठिंबा आहे, आणि तो काही नव्या फॅशनच्या प्रेमापोटी नाही. मात्र दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही इतिहास गैरसोयीचा आहे. सर्वनाम नसेल तर नवं बनवू, असं म्हणणारे गेली दीडशे-दोनशे वर्षं आहेत. चार्ल्स क्रोझॅट कॉन्व्हर्स या अमेरिकी वकील-संगीतकारानं 'दॅट' आणि 'वन' जोडून 'दॉन' तयार केलं आणि 1884मध्ये लोकांपुढे ठेवलं. शब्द सुबक होता, वेबस्टरच्या 1934च्या मोठ्या कोशात त्याला जागाही मिळाली. 1961च्या आवृत्तीत तो नव्हता, कारण तोंडी कुणाच्या बसलाच नाही. असे प्रस्ताव ढिगानं आले आणि गेले. स्वीडनमध्ये 'हेन' हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम टिकलं आणि 2015मध्ये तिथल्या अकादमीच्या शब्दसूचीत गेलं, हे खरं. पण तिथेही आधी माणसं वापरू लागली, कोश मागून आला. ज्या व्यक्तीला स्वतःसाठी 'दे' हवं आहे तिला ते म्हणणं ही मला साधी सभ्यता वाटते. क्वेकरांसारखा हट्ट धरून सगळ्या जगाला एका दिवसात सुधारू पाहणाऱ्यांचं मात्र फॉक्ससारखंच होईल, असा माझा अंदाज आहे.

मराठी माणसानं या वादात इंग्रज शुद्धिवाद्यांची री ओढावी, हे तर मला अजिबात समजत नाही. आपण एका माणसाला रोज अनेकवचन लावतो. 'सर आले, ते बसले', 'आजी आल्या, त्या दमल्यात'. व्यक्ती अनोळखी असेल तर आपण लिंगाचा प्रश्नच टाळतो. दारावरची बेल वाजली की 'कोण आलंय?' असं नपुंसकलिंगात विचारतो, आणि दारामागे पुरुष असला तरी तो रागावत नाही. 'दे'नं जे काम इंग्रजीत चालतं ते मराठीत दोन वेगळ्या वाटांनी केव्हापासून चालू आहे. आपली अडचण वेगळ्या जागी आहे. 'मी जातो' आणि 'मी जाते' यांतून बोलणाऱ्याला सुटकाच नाही, आणि आदराच्या 'ते' आणि 'त्या'तही लिंग उरतंच. त्यावर इंग्रजीचा तोडगा इथे चालणार नाही, मराठीला आपला आपणच काढावा लागेल.

इंग्रजीपुरतं बोलायचं तर निदान दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. उत्तरपत्रिकेत 'एव्हरीवन'पुढच्या 'देअर'ला तांबडी रेघ मारणं थांबवता येईल. आणि कायद्याची भाषा. ब्रिटनमध्ये 2007मध्ये तेव्हाचे सभागृह नेते जॅक स्ट्रॉ यांनी जाहीर केलं की सरकारी विधेयकं यापुढे शक्य तिथे लिंगनिरपेक्ष भाषेत लिहिली जातील. 1850ची सवय त्या देशानं अशी सोडायला घेतली. आपण 2023मध्ये भारतीय दंड संहिता बाजूला सारून भारतीय न्याय संहिता आणली. जुन्या संहितेच्या 8व्या कलमात लिहिलं होतं की 'ही' हे सर्वनाम पुरुष किंवा स्त्री, कुणासाठीही वापरलं आहे. वसाहतीच्या खुणा पुसण्याचा गाजावाजा करून आलेल्या नव्या संहितेच्या इंग्रजी मसुद्यात ते 'ही' जसंच्या तसं आहे. त्याच्या पोटात आता पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला तृतीयपंथीही कोंबले आहेत.